स्टोरीवीव्हर वर्गात वापरायचं तर: काय मिळतं, कुठे अडतं

स्टोरीवीव्हर या मुलांच्या गोष्टींच्या मोफत साइटची लिंक वर्गाच्या गटावर टाकली आणि ‘रोज एक गोष्ट वाचा’ असं खाली लिहिलं, की शिक्षकाचं काम संपतं आणि बहुतेक मुलांचं वाचनही तिथेच संपतं. साइट वाईट आहे म्हणून असं होत नाही. हजारो पुस्तकांच्या दारात मुलाला एकटं उभं केलं तर ते पहिलं रंगीत मुखपृष्ठ उघडतं, चार पानं सरकवतं आणि बाहेर पडतं. गोष्टी मुलांच्या असल्या तरी या साइटचा खरा वापरकर्ता शिक्षक आहे. निवडणं, तपासणं, छापणं, मोठ्याने वाचणं ही कामं त्याने केली तर फुकट मिळणाऱ्या साधनांत याच्या तोडीचं फार थोडं सापडेल. पुढचं परीक्षण त्याच नजरेने केलं आहे: पहिली ते आठवीच्या भाषाशिक्षकाला याचा नेमका काय उपयोग होतो आणि काय स्वतः करावं लागतं.

थोडी पार्श्वभूमी. प्रथम बुक्स ही २००४ मध्ये सुरू झालेली, नफ्यासाठी न चालणारी प्रकाशनसंस्था. तिने ८ सप्टेंबर २०१५ रोजी, आंतरराष्ट्रीय साक्षरता दिनाला, स्टोरीवीव्हर खुलं केलं. तेव्हा २४ भाषांत ८०० गोष्टी होत्या; आता भाषांची संख्या तीनशेच्या पुढे आहे. बहुतेक पुस्तकं क्रिएटिव्ह कॉमन्सच्या ‘सीसी बाय ४.०’ या परवान्याखाली आहेत. म्हणजे मूळ लेखक, चित्रकार, अनुवादक आणि प्रकाशक यांचं श्रेय दिलं, परवान्याचा उल्लेख केला आणि बदल केले असतील तर तसं नमूद केलं, की ती छापता येतात, वाटता येतात, अनुवादित करता येतात, त्यांचं नाटकही करता येतं. शाळेच्या दृष्टीने हा परवाना सगळ्यात मोलाचा. एरवी वर्गातल्या चाळीस मुलांसाठी कथेच्या झेरॉक्स काढताना आपण कॉपीराइटकडे डोळेझाक करतो; इथे त्या उघडपणे आणि कायदेशीरपणे काढता येतात.

शोधणं

साइटवर वाचायला खातं लागत नाही. पुस्तक उतरवून घ्यायला मोफत खातं काढावं लागतं. शोधताना भाषा, स्तर, विषय आणि प्रकाशक अशा चाळण्या लावता येतात. पहिली चाळणी भाषेची आणि दुसरी प्रकाशकाची लावावी. इथल्या गोष्टी तीन वाटांनी येतात: प्रथम बुक्सची स्वतःची संपादित पुस्तकं, आफ्रिकन स्टोरीबुक किंवा बुक डॅश यांसारख्या भागीदार प्रकल्पांची पुस्तकं आणि कुणीही खातं काढून प्रकाशित केलेल्या गोष्टी. तिसऱ्या प्रकारात क्वचित फार सुंदर काही हाती लागतं, पण शुद्धलेखनापासून कथानकापर्यंत सगळं स्वतः तपासावं लागतं. वेळ कमी असेल तर संपादकांनी शिफारस केलेल्या पुस्तकांची खूण पाहून पुढे जावं.

‘सर्वाधिक वाचलेल्या’ हा क्रम मोह पाडतो. त्यावर फार विसंबू नका. एखादी गोष्ट एखाद्या मोठ्या उपक्रमात नेमली गेली की तिचा आकडा फुगतो. मुलांना ती आवडली का, हे त्यातून कळत नाही.

आणखी एक चाळणी साइटवर नाही, ती शिक्षकानेच लावायची: उपदेशाची. हात धुवा, झाडं लावा, खरं बोला असं सांगण्यासाठी लिहिलेल्या गोष्टी इथे बऱ्याच आहेत. परिसर अभ्यासाच्या तासाला त्या चालतील. साहित्याच्या तासाला आणल्या, तर गोष्ट म्हणजे शेवटच्या ओळीत दडवलेली सूचना, हे मुलं चटकन शिकतात. पुस्तक निवडताना शेवटचं पान आधी वाचावं. तिथे कुणी मोठं माणूस मुलाला काही समजावत असेल तर पुस्तक बाजूला ठेवावं. या एका कसोटीत बरीच निवड उरकते.

स्तर: चार आकडे आणि एक मोठी त्रुटी

पुस्तकांचे चार स्तर आहेत. पहिला वाचायला नुकती सुरुवात करणाऱ्यांसाठी, साधारण २५० शब्दांपर्यंत. दुसरा ओळखीचे शब्द वाचणाऱ्या आणि नवे शब्द मदतीने वाचणाऱ्यांसाठी, ६०० शब्दांपर्यंत. तिसरा स्वतःचं स्वतः वाचू लागलेल्यांसाठी, १५०० शब्दांपर्यंत. त्यापुढचा चौथा, सराईत वाचणाऱ्यांसाठी. मागच्या मुखपृष्ठावर हे लिहिलेलं असतं.

मोठ्याने वाचण्याचं नियोजन करायला हे आकडे उपयोगी पडतात. गोष्ट सांगण्याच्या वेगाने मिनिटाला सुमारे ११० शब्द होतात. पहिल्या स्तराचं पुस्तक चित्रं दाखवत वाचलं तरी पाचेक मिनिटांत संपतं. तिसऱ्या स्तराच्या मोठ्या पुस्तकाला १३-१४ मिनिटं लागतात, म्हणजे पस्तीस मिनिटांच्या तासात वाचन होऊन बोलायला वेळ उरतो. चौथ्या स्तराची गोष्ट मात्र दोन बैठकांत वाचावी आणि कुठे थांबायचं ते आधी ठरवून ठेवावं.

मुलाच्या हातात पुस्तक देताना मात्र नुसत्या स्तरावर भिस्त ठेवू नका. मराठीत नवख्या वाचकाला वाक्याच्या लांबीपेक्षा जोडाक्षरं जास्त अडवतात. दुसऱ्या भाषेत सोप्या असलेल्या गोष्टीचा मराठी अनुवादही बहुधा त्याच स्तरावर राहतो. पण तिथला दोन-तीन अक्षरी साधा शब्द मराठीत ‘आश्चर्य’, ‘प्रत्येक’ किंवा ‘व्यवस्थित’ होऊन बसतो. त्यात परक्या प्रदेशातल्या पात्रांची नावं आली, की दहा शब्दांचं पानही डोंगर होतं. म्हणून पहिल्या-दुसऱ्या स्तराचं पुस्तक देण्याआधी पानागणिक जोडाक्षरं मोजावीत. पहिलीच्या उत्तरार्धात एका पानावर एक-दोन चालतात. चार-पाच दिसली तर ते पुस्तक मुलांच्या वाचनातून काढून शिक्षकाच्या मोठ्याने वाचण्यात टाकावं. गोष्ट वाया जात नाही, फक्त वाचणारा बदलतो.

‘पानावर पाच शब्द अडले तर पुस्तक अवघड’ हा बोटांवर मोजायचा नियम शाळांमध्ये सर्रास वापरला जातो. दहा-बारा शब्दांच्या पानाला तो लावणं निरर्थक आहे. त्याऐवजी सलग शंभर शब्द मोजून घ्यावेत, गरज पडली तर दोन पुस्तकं मिळून. अमेरिकन वाचनतज्ज्ञ एमेट बेट्स यांनी १९४६ मध्ये मांडलेले निकष आजही ढोबळमानाने वापरता येतात: शंभरात एखादाच शब्द अडला तर मूल ते एकट्याने वाचू शकतं, पाचपर्यंत अडले तर मदत घेऊन, आणि दहा अडले तर ते पुस्तक आत्ता नको. हे निकष इंग्रजी वाचनासाठी तयार झालेले आहेत, तेव्हा ते दगडावरची रेघ समजू नयेत. शिवाय विषय आवडीचा असेल तर मूल अवघड पुस्तकातूनही वाट काढतं. डायनासोरच्या पुस्तकासाठी धडपडणाऱ्या मुलाच्या हातातून ते काढून घेणाऱ्या शिक्षकाला कुठलाच निकष वाचवू शकत नाही.

अनुवादाची तपासणी

मराठी विभागातली बरीच पुस्तकं अनुवादित आहेत आणि त्यांचा दर्जा एकसारखा नाही. चांगला अनुवाद मोठ्याने वाचताना कुठेच ठेचकाळत नाही. फसलेल्या अनुवादात सर्वनामांची गर्दी असते. ‘तिने तिचा हात तिच्या आईच्या हातात दिला’ असं वाक्य मराठी घरात कुणी बोलत नाही. ‘तिनं आईचा हात धरला’ म्हटलं की झालं. दुसरी खूण संवादांमध्ये दिसते: प्रत्येक उद्गारामागे ‘तो म्हणाला’, ‘ती म्हणाली’ असं शेपूट. तिसरी खूण आवाजांची. मराठीत पाऊस रिमझिमतो, कोसळतो, भुरभुरतो. भांडी खणखणतात, पैंजण छुमछुमतात. त्या जागी परभाषेतला आवाज नुसता देवनागरीत उतरवला असेल तर अनुवादकाने घाई केली असं समजावं. यमकात लिहिलेल्या गोष्टींचं नुकसान सगळ्यात जास्त होतं: अर्थ येतो, ताल जातो. अशा गोष्टी मूळ मराठी असतील तरच घ्याव्यात.

तपासायचं कसं? पुस्तकाचं पहिलं, मधलं आणि शेवटचं पान मोठ्याने वाचा. जीभ दोनदा अडखळली तर ते पुस्तक वर्गात नेण्याआधी दुरुस्त करायला हवं. परवान्यामुळे ती दुरुस्ती करता येते. साइटच्या अनुवादाच्या सोयीतून नवी आवृत्ती तयार करता येते, किंवा छापलेल्या प्रतीत वाक्य बदलून ‘मजकुरात बदल केला आहे’ एवढं श्रेयपानावर लिहिलं तरी चालतं. पीडीएफमधला देवनागरी मजकूर कॉपी करून दुसरीकडे चिकटवायला गेलात तर काने-मात्रे आणि जोडाक्षरं विस्कटण्याची शक्यता फार. पानंच थोडी असतात; सरळ पुन्हा टंकलिखित करणं जलद होतं.

फसलेला अनुवाद वरच्या वर्गांना मात्र उपयोगी पडतो. सहावी-सातवीच्या मुलांना अवघडलेली पाच वाक्यं द्या आणि ‘हे तुमच्या आजीला सांगायचं असेल तर कसं सांगाल?’ असं विचारा. भाषेची लय, शब्दांचा क्रम, बोलीतला आणि प्रमाण भाषेतला फरक यावर याहून जिवंत तास घेणं अवघड आहे.

छापणं

गोष्ट पडद्यावर वाचण्यापेक्षा हातात घेऊन वाचलेली बरी, निदान लहान मुलांसाठी. पान मागे उलटून पाहणं, मित्राला चित्र दाखवणं, आवडलेलं पुस्तक दप्तरात लपवणं या गोष्टी पडद्यावर होत नाहीत. पुस्तक कमी आणि जास्त रिझोल्यूशनच्या पीडीएफमध्ये, तसंच ईपब या ई-पुस्तकांच्या फाइल-प्रकारात मिळतं. कमी रिझोल्यूशनची फाइल प्रोजेक्टरपुरती ठीक आहे; छापली तर चित्रांच्या कडा पुसट होतात. छापण्यासाठी जास्त रिझोल्यूशनचीच घ्यावी, फाइल मोठी असली तरी.

ए-फोर कागद मधोमध दुमडून पुस्तिका करायची तर पीडीएफ उघडण्याच्या प्रोग्रॅममधला ‘बुकलेट’ हा पर्याय निवडावा, दोन्ही बाजूंनी छपाई ठेवावी आणि कागद आखूड कडेवर उलटेल असं सांगावं. लांब कडेवर ठेवला की मागची पानं उलटी येतात. पहिल्या प्रयत्नात बहुतेकांचं बिनसतं ते इथेच. पुस्तिकेच्या पानांची संख्या चारने भागली जायला हवी. ती तशी नसेल तर शेवटी कोरी पानं येतात, आणि त्यांचा चांगला उपयोग होतो: ‘हे पुस्तक कुणी-कुणी वाचलं’ ही यादी तिथे करता येते. श्रेयाचं पान कागद वाचवण्यासाठी गाळू नका. परवान्याची ती अट आहेच, आणि चित्रकाराचं, अनुवादकाचं नाव वाचायची सवय हाही साहित्यशिक्षणाचा भाग आहे.

हिशेब असा बसतो. चाळीस मुलांच्या वर्गात पाच-पाच जणांचे आठ गट. आठ वेगवेगळ्या गोष्टी, प्रत्येकीच्या पाच प्रती, म्हणजे चाळीस पुस्तिका. सोळा पानी पुस्तिकेला चार कागद, एकूण १६० कागद. गटांनी संच फिरवत ठेवले की आठ आठवड्यांची सोय होते. मुखपृष्ठाला जाड कागद वापरावा आणि दुमडीवर लांब हाताच्या स्टेपलरने दोन पिना माराव्यात. साध्या स्टेपलरचा हात मध्यापर्यंत पोचत नाही, म्हणून लोक कडेला पिना मारतात, पुस्तिका नीट उघडत नाही आणि मुलांनी ओढली की पहिलं पान सुटतं.

काळी-पांढरी छपाई करणार असाल तर पुस्तकं त्या हिशेबाने निवडा. गडद रंगाच्या चित्रावर मजकूर असेल तर राखाडीवर काळं उमटतं आणि वाचवत नाही. रेघांची चित्रं आणि पांढऱ्या जागेवर मजकूर असलेली पुस्तकं छान उतरतात. रंग हाच कथेचा भाग असलेली पुस्तकं प्रोजेक्टरवर दाखवावीत.

इंटरनेटचा भरवसा नसेल तर साइटवर पुस्तकं ऑफलाइन जतन करण्याची सोय आहे. ती त्या यंत्रातल्या त्या ब्राउझरपुरती असते. कुणी ब्राउझर ‘साफ’ केला की जतन केलेलंही जातं. पीडीएफ पेनड्राइव्हवर ठेवणं जास्त खात्रीचं.

वाचत जाताना शब्द उजळतात असे ध्वनिचित्र-वाचनाचे व्हिडिओ आहेत. अडखळत वाचणाऱ्या मुलाला ते दोनदा-तीनदा दाखवावेत. तिसऱ्यांदा आवाज बंद करून मुलालाच वाचायला सांगावं. शिक्षकाच्या वाचनाची जागा मात्र त्यांना देऊ नये. चेहरे पाहून वेग कमी करणं, नको तिथे हसणाऱ्याकडे एक कटाक्ष टाकणं हे व्हिडिओला जमत नाही.

साहित्य म्हणून शिकवायचं काय?

चित्रपुस्तक म्हणजे खालच्या वर्गांचा माल, ही समजूत आधी सोडावी. निवेदक कोण आहे, त्याला काय ठाऊक नाही, मजकूर एक सांगतो आणि चित्र दुसरंच दाखवतं तेव्हा खरं कोणाचं मानायचं, हे सगळं सोळा पानांत शिकवता येतं. कादंबरीतून तेच शिकवायला महिना जातो. आठवीतही पुस्तक प्रोजेक्टरवर लावून आधी फक्त चित्रं दाखवावीत, मुलांकडून गोष्ट रचून घ्यावी आणि मग मजकुरासह पुन्हा वाचावं. त्यांची गोष्ट आणि लेखकाची गोष्ट जिथे वेगळी होते, तिथेच चर्चेचा विषय सापडतो.

साइटवर काही पुस्तकांच्या शेवटी प्रश्न किंवा कृती दिलेल्या असतात. आमचं मत स्पष्ट आहे: वाचून होताच त्या घेऊ नयेत. ‘चिंटूने टोपी कुठे ठेवली?’ या प्रश्नाने समजलं का ते कळतं, आवडलं का ते कळत नाही. आणि प्रत्येक गोष्टीनंतर प्रश्न येणारच हे ठाऊक झालं की मूल गोष्ट नव्हे, उत्तरं वाचू लागतं. त्याऐवजी ब्रिटिश लेखक आणि शिक्षक एडन चेंबर्स यांनी मांडलेले चार साधे प्रश्न पुरतात: काय आवडलं, काय आवडलं नाही, काय कोड्यात पडल्यासारखं वाटलं, आणि कुठे काही पुन्हा-पुन्हा येताना किंवा एकमेकांशी जुळताना दिसलं. मुलं बोलतात ते फळ्यावर चार रकान्यांत त्यांच्याच शब्दांत लिहावं. ‘आवडलं नाही’ हा रकाना सुरुवातीला रिकामा राहतो. शिक्षकाने स्वतःची एक प्रामाणिक नावड तिथे लिहिली की मुलांची भीड चेपते. कोड्यांच्या रकान्याला शिक्षकाने उत्तरं देऊ नयेत. दुसऱ्या मुलाकडे नजर वळवावी. आणि आठवड्यातून निदान दोन गोष्टी अशा वाचाव्यात, की ज्यांच्यानंतर काहीच विचारायचं नाही. वाचलं, पुस्तक मिटलं, संपलं.

कुठे कमी पडतं

सहावीनंतर हा साठा विरळ वाटू लागतो. चौथ्या स्तरावरही ही छोटी पुस्तकंच आहेत. दीर्घ कथा, प्रकरणांमध्ये उलगडणारी कादंबरी, सलग वाचण्याजोगा कवितासंग्रह यांची भूक इथे भागत नाही. एकाच लेखकाची आठ-दहा पुस्तकं पाठोपाठ वाचून त्याची शैली ओळखणं, हा वाचक घडण्यातला मोठा टप्पा. त्यासाठी ग्रंथालयच हवं. विषयवार चाळण्या आहेत, पण ‘प्रथमपुरुषी निवेदन’ किंवा ‘शेवट खुला’ अशी साहित्याच्या शिक्षकाला हवी ती चाळणी नाही. आपली यादी आपणच करावी लागते. एक वही पुरते: पुस्तकाचं नाव, स्तर, वाचायला लागणारी मिनिटं, निवेदक कोण, जोडाक्षरांचा त्रास किती, काळ्या-पांढऱ्यात छापता येईल का. शाळेतल्या तीन शिक्षकांनी मिळून वही ठेवली तर वर्षभरात साइटच्या कोणत्याही शिफारसयादीपेक्षा ती कामाची होते.

मुलांकडून गोष्टी लिहून घ्यायच्या असतील तर साइटवरची चित्रं वापरून नवी गोष्ट रचण्याची सोय फार चांगली आहे. कोऱ्या कागदासमोर गप्प बसणारी मुलं चित्र समोर असलं की लिहितात. सुरुवात सहा चित्रांपासून करावी. क्रम मुलांनी ठरवावा आणि एका पानाला दोन-तीन वाक्यांची मर्यादा घालावी. मर्यादा नसली तर पहिल्या पानावर अर्धी वही भरते आणि शेवटच्या पानावर ‘मग सगळे घरी गेले’ येतं. मुलांची स्वतंत्र खाती न काढता शिक्षकाच्या खात्यातून काम करावं. गोष्ट मसुदा म्हणून जतन होते. प्रकाशित केली की ती जगाला दिसते आणि खुल्या परवान्याखाली जाते. हा परवाना एकदा दिला की मागे घेता येत नाही. त्यामुळे प्रकाशित करण्याआधी पालकांना विचारावं, आणि लेखक म्हणून मुलाचं फक्त पहिलं नाव द्यावं, आडनाव आणि शाळेचं नाव गाळून.